मत आणि मोजणी

लोकशाही म्हणजे बहुमताचे राज्य, ही व्याख्या सर्वांनाच पाठ असते. परंतु बहुमत कोणाकडे आहे, हे मोजणीवाचून कळत नाही आणि मोजणारा हातही अखेर माणसाचाच असतो. तो हात नियमाने बांधलेला नसेल, तर मताधिकार केवळ नावापुरता उरतो. हे तत्त्व दिसावयास साधे, पण सांभाळावयास किती अवघड आहे, याचा प्रत्यय चंडीगढ शहरातील एका लहानशा निवडणुकीने आणून दिला.

पंजाब आणि हरियाणा यांची सामाईक राजधानी असलेल्या या शहराच्या महापालिकेत लोकांनी निवडून दिलेले ३५ नगरसेवक असतात. ते आणि शहराचे लोकसभा सदस्य असे ३६ मतदार मिळून दरवर्षी महापौराची निवड करतात. ३० जानेवारी २०२४ रोजी झालेल्या निवडणुकीत आम आदमी पक्षाचे कुलदीप कुमार आणि भारतीय जनता पक्षाचे मनोज सोनकर हे उमेदवार होते. कुलदीप कुमार यांना काँग्रेसचा पाठिंबा होता. पीठासीन अधिकाऱ्याने ८ मतपत्रिका बाद ठरविल्या आणि सोनकर १६ विरुद्ध १२ मतांनी विजयी झाल्याचे घोषित केले. बाद झालेली आठही मते कुलदीप कुमार यांना पडलेली होती.

प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड, न्यायमूर्ती पारडीवाला व न्यायमूर्ती मनोज मिश्रा यांच्या न्यायपीठाने मतपत्रिका आणि मोजणीचे चित्रण मागवून स्वतः पाहिले. नियमाप्रमाणे मत बाद होण्याची कारणे तीनच होती : एकाहून अधिक उमेदवारांना मत देणे, मतदाराची ओळख पटेल अशी खूण करणे, किंवा मत कोणास दिले याचा संशय राहील अशा जागी खूण करणे. या आठ मतपत्रिकांवर मतदारांकडून असा एकही दोष घडला नव्हता. त्यांवरील जादा खुणा खुद्द पीठासीन अधिकाऱ्याने, मतदान झाल्यानंतर, केल्या होत्या. २० फेब्रुवारी २०२४ रोजी न्यायालयाने ती मते ग्राह्य धरली आणि २० मते मिळालेले कुलदीप कुमार महापौर म्हणून निवडून आल्याचे जाहीर केले. अधिकाऱ्याविरुद्ध कारवाई का करू नये, याची नोटीसही काढण्यात आली.

निवडणूकच पुन्हा का घेतली नाही, असा प्रश्न कोणाच्याही मनात येईल. दरम्यान सोनकर यांनी राजीनामा दिला होता आणि आम आदमी पक्षाचे ३ नगरसेवक पक्ष बदलून गेले होते. मतदान यथाविधी झाले होते. बिघाड होता तो मोजणीत. मोजणीतील दोषासाठी मतदान रद्द करणे म्हणजे चोरी पकडल्यावर मूळ धन्यालाच पुन्हा कमवावयास सांगण्यासारखे झाले असते. म्हणून संविधानाच्या अनुच्छेद १४२ खालील अधिकार वापरून न्यायालयाने दिलेल्या मतांचाच निकाल लावला.

या कथेचा खरा बोध मात्र पुढच्या वर्षी मिळाला. ३० जानेवारी २०२५ ची निवडणूक सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या निरीक्षक, निवृत्त न्यायमूर्ती जयश्री ठाकूर यांच्या देखरेखीखाली पार पडली. छत्तीसही मते मोजली गेली. भाजपच्या हरप्रीत कौर बबला यांना १९ आणि आम आदमी पक्षाच्या प्रेमलता यांना १७ मते मिळाली. आदल्या वर्षी न्यायालयातून विजयी ठरलेली बाजू या वेळी पराभूत झाली. कायदा कोणा पक्षाचा विजय राखीत नाही. तो मताची राखण करतो, हे यावरून स्पष्ट व्हावे.

४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनेचा मसुदा मांडताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी सांविधानिक नीतीचा विषय काढला होता. ही वृत्ती माणसात उपजत नसते, ती जोपासावी लागते, असे त्यांचे सांगणे होते. घटनेचे कलम कितीही बिनचूक असले, तरी ते अखेर कोणाच्या तरी हातून अमलात यावयाचे असते.

न्यायालयात प्रत्येक मोजणी जाऊ शकत नाही. ग्रामपंचायत, सहकारी संस्था, गृहनिर्माण मंडळ, सर्वत्र कोणीतरी मते मोजीत असतो आणि कोणीतरी ते पाहत असतो. आपल्या बाजूचे मत बाद झाले की कारण विचारणे सोपे असते. विरुद्ध बाजूचे मत विनाकारण बाद होत असतानाही जो उठून कारण विचारतो, तो खरा नागरिक होय.