हप्ता आणि ओहोटी

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही कालावलच्या खाडीत उतरलो, ते खरं तर थकलेल्या हप्त्यांपायी. आमच्या गटातल्या एका मैत्रिणीचे कर्जाचे दोन हप्ते राहिले होते. बैठकीत तिला बोलणीही बसली. ती एवढंच म्हणाली, "ताई, एकदा माझ्याबरोबर तिसऱ्या काढायला चला, मग बोला."

सकाळची ओहोटी. गुडघाभर पाणी, खाली रेती आणि चिखल. शिंपली कुठे रुतलीय ते तिच्या पायालाच कळतं. आमच्या हाती तासभर नुसत्या रिकाम्या शिंपा! बारीक तिसऱ्या ती परत पाण्यात सोडत होती. वाकल्या वाकल्याच सांगत होती, अमावास्या-पुनवेच्या उधाणाला पाणी खूप मागे हटतं, तेव्हा चार पैसे मिळतात. अष्टमीच्या आसपास भांग असतो, पाणी धड उतरत नाही, पाटी भरत नाही.

आणि आमची बैठक दर महिन्याच्या दहा तारखेला. दोन्ही महिने ती नेमकी भांगात आली होती. हिशेबाची वही आमच्याच हाती, पंचांग भिंतीवर, तरी हे कधी ताडून पाहिलं नव्हतं.

पाणी चढू लागलं तशी ती म्हणाली, "चला, आता खाडी आपली नाही."

आता आमची बैठक अमावास्येनंतरच्या पंचमीला असते. तिने एक हप्ता भरलाय, एक बाकी आहे. त्या दिवशीच्या तिसऱ्या मात्र तिने आम्हाला वाट्याच्या भावानेच दिल्या, फुकट नाही.