श्रीमंतीचे उपदेश आणि त्यांचें मोल

सन १७५८ च्या आपल्या पंचांगाच्या प्रास्ताविकांत बेंजामिन फ्रँकलिन यानें एक लहानसा प्रसंग रंगविला आहे. लिलांवासाठीं बाजारांत लोक जमले आहेत. बोली सुरू व्हावयास अद्याप अवकाश आहे, आणि वाढलेले कर व वाईट दिवस यांविषयीं सर्वांची कुरकुर चालली आहे. इतक्यांत कोणीतरी अब्राहाम नांवाच्या एका वृद्धास दोन शब्द सांगण्याची विनंति करतो. वृद्ध उद्योग, काटकसर आणि कर्जाचे दुष्परिणाम यांवर दीर्घ प्रवचन करतो. लोक माना डोलावतात. मग लिलांव सुरू होतो, आणि तेच लोक ऐकलेल्याच्या नेमकें उलट वागून हवी नको ती वस्तु घेण्यासाठीं पुढें सरसावतात. गोष्ट सांगणारा गृहस्थ तेवढा नव्या कोटाच्या कापडाचा बेत रहित करतो, आणि जुन्याच कोटावर आणखी कांहीं दिवस काढण्याचें ठरवितो.

हें प्रास्ताविक पुढें ‘संपत्तीचा मार्ग’ अशा अर्थाच्या नांवानें वेगळें छापलें गेलें आणि अनेक भाषांत पसरलें. धनप्राप्तीच्या उपदेशाचा हा आद्य नमुनाच म्हणावयास हरकत नाहीं. गंमत अशी कीं, उपदेशाचें फळ काय मिळतें, हेंहि त्याच्या कर्त्यानें त्यांतच सांगून ठेविलें आहे: शंभरांनीं ऐकावें, एकानें आचरावें, आणि त्या एकासहि मिळावें तें काय, तर एका कोटाची किंमत!

असें असूनहि या उपदेशांचें पीक आजवर कमी झालेलें नाहीं. मध्यम स्थितींतील क्वचित् एखादें घर असें सांपडेल कीं, जेथें श्रीमंत होण्याची युक्ति सांगणारें एखादें पुस्तक फळीवर नाहीं. तीं पुस्तकें विकत घेणारा बहुधा तरुण असतो, आणि पुस्तकाच्या किंमतीहून पुष्कळ मोठी गोष्ट तो त्यांत गुंतवीत असतो. ती म्हणजे स्वतःविषयींची श्रद्धा. उपदेशाप्रमाणें वागूनहि धन आलें नाहीं, तर तो दोष उपदेशास देत नाहीं, स्वतःस देतो. म्हणून या उपदेशांचा हिशेब एकदां स्वच्छपणें मांडणें अवश्य आहे.

आरंभ फ्रँकलिनपासूनच करावा. तो गरीब घरांत जन्मला आणि वयाच्या ४२ व्या वर्षीं, १७४८ मध्यें, छापखान्याच्या दैनंदिन कामांतून मुक्त होण्याइतका सधन झाला. तो उद्योगी आणि काटकसरी होता यांत शंका नाहीं. पण त्याच्या आत्मचरित्रांतच आणखी कांहीं गोष्टी नमूद आहेत. १७२९ मध्यें त्यानें कागदी चलनाच्या बाजूनें एक पुस्तिका लिहिली. पुढें तें चलन छापण्याचें किफायतशीर काम त्यालाच मिळालें. १७३७ मध्यें तो फिलाडेल्फियाचा पोस्टमास्तर झाला. त्यायोगें त्याच्या वर्तमानपत्राचा खप वाढला आणि जाहिराती आल्या. सारांश, संपत्ति आली ती काटकसरीच्या जोडीला सरकारी काम, ओळखीपाळखी आणि योग्य ठिकाणीं योग्य वेळीं असणें, या सर्वांच्या मिळून योगानें. वृद्ध अब्राहामाच्या प्रवचनांत मात्र छपाईच्या कंत्राटाचें नांवहि नाहीं. उपदेशक जें सांगतो तें बहुतेक वेळां खरें असतें. पण जें सांगावयाचें राहून जातें तेंहि तितकेंच महत्त्वाचें असतें.

दुसरा मोठा उपदेशक म्हणजे सॅम्युएल स्माइल्स. १८४५ च्या सुमारास इंग्लंडांतील लीड्स शहरीं कांहीं कामकरी तरुण संध्याकाळीं एकत्र जमून एकमेकांस लिहावयास, वाचावयास आणि गणित करावयास शिकवीत. त्यांची संख्या शंभराच्या घरांत गेली तेव्हां त्यांनीं भाड्यानें जी खोली घेतली, तेथें पूर्वीं पटकीच्या रोग्यांचें तात्पुरतें इस्पितळ होतें. म्हणून ती दुसरें कोणी घेत नसे. त्या खोलींत स्माइल्सनें दिलेल्या व्याख्यानांतून ‘सेल्फ-हेल्प’ हें पुस्तक निपजलें. तें १८५९ मध्यें प्रसिद्ध झालें, पहिल्याच वर्षीं त्याच्या २०,००० प्रती खपल्या, आणि १८७१ मध्यें तें जपानी भाषेंत जाऊन तेथील नव्या पिढीचें आवडतें पुस्तक झालें. परंतु स्माइल्सचा भर धनावर नव्हताच. शीलावर आणि उद्योगावर होता. पुस्तकाच्या नांवावरून तें स्वार्थाची स्तुति करतें असा समज होऊं लागला, तेव्हां पुढील आवृत्तींत त्याला त्याचा खुलासा करावा लागला. शिवाय ते तरुण एकेकटे नव्हते. एकाच्या मदतीला दुसरा होता. स्वावलंबनाचा हा सर्वांत प्रसिद्ध ग्रंथ परस्परसाहाय्याच्या खोलींत जन्मला, ही गोष्ट विसरण्यासारखी नाहीं.

काटकसरीचा उपदेश सफल व्हावयास संस्थांचीहि गरज असते. गरिबानें दोन आणे वांचविले तरी ते ठेवावयाचे कोठें? ब्रिटनमध्यें पोस्टाची बचत बँक १८६१ मध्यें आणि हिंदुस्थानांत १८८२ मध्यें निघाली, तेव्हां कोठें अल्प बचतीला सुरक्षित जागा मिळाली. थेंबे थेंबे तळें सांचतें हें खरें. पण तळ्याला बांध लागतो, आणि तो बांध एकट्यादुकट्याला घालतां येत नाहीं.

आतां बचतीच्या उपदेशाची परीक्षा आंकड्यांनींच करावी. १९२६ पासून जॉर्ज क्लेसन या अमेरिकन गृहस्थानें प्राचीन बाबिलोनच्या गोष्टी सांगणाऱ्या पुस्तिका काढल्या. बँका व विमा कंपन्या त्या घाऊक प्रमाणांत घेऊन आपल्या गिऱ्हाइकांस वांटीत. त्यांतील मुख्य बोध असा कीं, मिळकतीचा दहावा हिस्सा आधीं बाजूस काढावा आणि उरलेल्यांत संसार करावा. समजा, एखाद्याची मासिक मिळकत ३०,००० रुपये आहे आणि तो दरमहा ३,००० रुपये ६ टक्के व्याजानें ३० वर्षें ठेवतो. त्याची स्वतःची ठेव होईल १० लाख ८० हजार, आणि व्याज धरून हातीं येतील सुमारें ३० लाख. हा आंकडा ऐकून मन हरखतें. पण या ३० वर्षांत भाव दरसाल ५ टक्क्यांनीं वाढत गेले, तर त्या ३० लाखांची किंमत आजच्या भावानें सुमारें ७ लाखच भरेल. म्हणजे आजच्या २३ महिन्यांच्या मिळकतीइतकी. मिळकतीबरोबर बचतहि वाढत गेली तर शिल्लक अधिक राहील हें खरें. तरी याला श्रीमंती म्हणतां येणार नाहीं.

मग हा उपदेश व्यर्थ काय? मुळींच नाहीं. घरांत एकाएकीं आजारपण आलें आणि २०,००० रुपये दरमहा शेंकडा ३ व्याजानें काढावे लागले, तर नुसत्या व्याजापोटीं महिन्यास ६०० रुपये जातात आणि मुद्दल तसेंच राहतें. ज्यानें सात महिने दहावा हिस्सा बाजूस काढला आहे, त्याला सावकाराचा उंबरठा चढावा लागत नाहीं. दहाव्या हिश्श्याचें खरें मोल हें आहे. त्यानें वाडा उभा राहत नाहीं. पण आहे तें घर गहाण पडत नाहीं. अंथरूण पाहून पाय पसरावे, ही आपल्याकडील म्हण एवढेंच सांगते, आणि अंथरूण त्यायोगें आपोआप लांब होईल असें कोठेंहि म्हणत नाहीं. तिचा प्रामाणिकपणा यांतच आहे.

उपदेशाचा तिसरा प्रकार हातापेक्षां मनावर भिस्त ठेवणारा आहे. वॉलेस वॅटल्स यानें १९१० मध्यें श्रीमंत होण्याचें शास्त्रच लिहिलें. विशिष्ट रीतीनें विचार केल्यास संपत्ति हटकून येते, असा त्याचा दावा होता. नेपोलियन हिलचें प्रसिद्ध पुस्तक १९३७ मध्यें निघालें. पोलादाचा कोट्यधीश अँड्र्यू कार्नेगी यानें १९०८ मध्यें भेटींत हें रहस्य आपणांस सांगितलें, असें हिल म्हणे. पण कार्नेगी १९१९ मध्यें वारला, आणि त्या भेटीला हिलच्या शब्दापलीकडे भक्कम पुरावा नाहीं. २००६ मध्यें ‘द सीक्रेट’ या चित्रपटानें व पुस्तकानें तीच कल्पना नव्या वेषांत पुढें आणली. लेखिका रॉन्डा बर्न हिला स्फूर्ति मिळाली होती ती वॅटल्सच्याच पुस्तकावरून.

या पंथाचें उत्तर पंचतंत्रकारानें फार पूर्वीं देऊन ठेविलें आहे. भिक्षेंत मिळालेल्या सातूच्या पिठाचें मडकें टांगून त्याखालीं निजलेला ब्राह्मण मनांत हिशेब करूं लागतो: पीठ विकून शेळ्या, शेळ्यांवरून गाई, गाईंवरून म्हशी व घोड्या, मग वाडा, बायको, मुलगा. मुलाला आवरीत नाहीं म्हणून तो बायकोला लाथ मारावयास जातो, ती मडक्यास लागते, आणि पिठानें तो पांढरा होऊन जातो. आधुनिक मानसशास्त्रानें या कथेला आधार दिला आहे. गॅब्रिएले ओटिंगेन व डोरिस मायर या विदुषींनीं २००२ मध्यें जें संशोधन प्रसिद्ध केलें, त्यांत जर्मनींतील पदवीधरांच्या नोकरीविषयींच्या दिवास्वप्नांची नोंद घेतली होती. दोन वर्षांनीं पाहतां, ज्यांनीं सुखद चित्रें अधिक रंगविलीं त्यांनीं अर्ज कमी केले होते, त्यांस नोकऱ्या कमी चालून आल्या, आणि पगारहि कमी मिळाला. उलट, आपणांस यश मिळेल अशी अपेक्षा बाळगणारे पुढें गेले होते. अपेक्षा आणि मनोराज्य यांतील भेद येथें ध्यानांत घ्यावा. अपेक्षा ही मागील अनुभवावर उभी असते म्हणून ती हात हलवावयास लावते. मनोराज्यांत काम आधींच झाल्यासारखें वाटतें, म्हणून हात स्वस्थ राहतात.

यावर असें विचारलें जातें कीं, अमक्यानें असेंच केलें आणि तो लक्षाधीश झाला, त्याचें काय? या प्रश्नास सिसरोच्या एका ग्रंथांत मार्मिक उत्तर आहे. समुद्रांतील वादळांतून वांचलेल्यांनीं देवास वाहिलेलीं चित्रें कोणी डायागोरसला दाखवून म्हणालें, ‘पाहा, नवस केल्यानें किती जण तरले!’ त्यावर त्यानें विचारलें कीं, नवस करूनहि जे बुडाले त्यांचीं चित्रें कोठें आहेत? धनिकांचीं चरित्रें हीं अशींच तरलेल्यांचीं चित्रें होत. पहाटे उठणारे, धाडस करणारे, श्रद्धा ठेवणारे जे बुडाले, त्यांच्याकडे कोणी प्रकाशक जात नाहीं. ज्याच्या हातीं ससा तो पारधी ठरतो, आणि मग पारध कशी करावी हें जग त्यालाच विचारतें.

परिस्थितीचा भार किती असतो याचाहि विचार करावा. तामिळनाडूंतील साडेचारशेंहून अधिक ऊस-शेतकऱ्यांची पाहणी २०१३ मध्यें प्रसिद्ध झाली. तोडणीपूर्वीं हातीं पैसा नसतो, तोडणीनंतर असतो. एकाच शेतकऱ्यास दोन्ही वेळां बुद्धीचीं कोडीं घातलीं, तेव्हां तोडणीपूर्वीं त्याचीं उत्तरें अधिक चुकलीं. माणूस तोच, बुद्धि तीच. पण टंचाईच्या काळजीनें तिचा मोठा भाग व्यापून टाकला होता. ‘गरीब नीट विचार करीत नाहींत म्हणून गरीब राहतात,’ असें म्हणणाऱ्यानें हें वाक्य उलटें करून पाहावें.

तथापि उपदेशानें कांहींच होत नाहीं, असेंहि नव्हे. आफ्रिकेंतील टोगो देशाच्या लोमे शहरीं १,५०० लहान व्यावसायिकांचे तीन गट पाडण्यांत आले. एकास हिशेब, विक्री वगैरे नेहमींचें व्यापारशिक्षण दिलें; दुसऱ्यास स्वतः होऊन पुढाकार घेणें, नवें कांहीं करून पाहणें, अडचणीची आधींच तजवीज करणें, यांचे पाठ दिले; तिसऱ्यास कांहींच शिकविलें नाहीं. दोन वर्षांहून अधिक काळ लक्ष ठेवून काढलेला निष्कर्ष २०१७ मध्यें प्रसिद्ध झाला. तिसऱ्याच्या मानानें दुसऱ्या गटाचा नफा ३० टक्क्यांनीं वाढला होता. पहिल्याची वाढ ११ टक्के दिसली, पण ती केवळ योगायोगाचीहि असूं शकेल इतपतच होती. म्हणजे वृत्ति शिकवितां येते आणि तिचें फळहि मिळतें. मात्र ती हातांतील धंद्यास जोडलेली असावी लागते. आणि ३० टक्के म्हणजे कांहीं कुबेराचें भांडार नव्हे. दुकानदाराचें दुकान थोडें बरें चाललें, एवढाच त्याचा अर्थ.

तेव्हां अशा उपदेशास तीन प्रश्न विचारून मग त्याचें मोल ठरवावें. तो उद्यां सकाळीं करण्याजोगें कांहीं काम सांगतो, कीं केवळ सुखद कल्पना देतो? तो किती मिळेल तें माफक सांगतो, कीं अमाप सांगतो? आणि फळ न मिळाल्यास तो परिस्थितीचा विचार करतो, कीं सारा दोष ऐकणाऱ्याच्या श्रद्धेवर ढकलतो? तिसऱ्या प्रश्नास जो उतरत नाहीं, तो उपदेश घरांत ठेवूं नये. कारण तो पैशाबरोबर माणसाचा स्वाभिमानहि नेतो.

ज्या तरुणानें दहावा हिस्सा बाजूस काढला, कर्ज टाळलें, आपलें काम मन लावून केलें आणि तरीहि जो श्रीमंत झाला नाहीं, त्यानें कांहीं चुकविलें असें नव्हे. उपदेशाच्या अंगीं जेवढें देण्याची शक्ति होती, तेवढें त्याला मिळालें आहे. फ्रँकलिनच्या गोष्टींतला गृहस्थ बाजारांतून रिकाम्या हातानें परतला. तो धनवान् झाला नव्हता. पण त्याच्या अंगावरचा जुना कोट कोणाच्या उधारीचा नव्हता.