भाड्याचे घर आणि त्याचा वाटा

पहिल्या तारखेस भाडे हाती पडते आणि घरमालक ते मिळकत समजून घरखर्चात घालतो. वस्तुतः त्यातील बराच भाग त्याचा नसून त्या घराचाच असतो. ही गोष्ट एरवी ज्याच्या लक्षात येत नाही, त्याच्या लक्षात ती मृगाच्या पहिल्या सरीबरोबर येते, आणि तेव्हा सुतार मिळत नाही.

मडगावातील एखादे जुने कौलारू घर घ्या. चिऱ्यांच्या भिंती, वर मंगळुरी कौले, दारी विहीर व तिच्यावर पंप. मासिक भाडे १०,००० रुपये धरले तर वर्षाचे १,२०,००० होतात, आणि बहुतेकांचा हिशेब येथेच संपतो. तो येथे सुरू व्हावयास हवा. एक बिऱ्हाड जाऊन दुसरे येईपर्यंत महिनाभर घर रिकामे राहते असे समजू; उरले १,१०,०००. घरपट्टीचे ४,००० गेले. पावसाळ्यापूर्वी कौले चाळून फुटकी बदलण्यास ६,००० आणि नळ, पंप, विजेच्या तारा, कड्याकुलपे यांस ८,००० लागले. येथवरचा खर्च दरवर्षी डोळ्यांसमोर तरी येतो.

न दिसणारा खर्च निराळाच. रंग पाच वर्षांनी काढावयाचा व त्यास ६०,००० लागणार, तर दरसाल १२,००० बाजूस ठेवले पाहिजेत. छपराचे वासे आणि रिपा वीस वर्षांनी बदलावयाच्या, खर्च ३,००,०००. म्हणजे दरसाल १५,०००. ज्या वर्षी सुतार अंगणात पाऊलही टाकीत नाही, त्या वर्षीदेखील वाळवी व ओल आपले काम करीतच असतात. ही सारी वजाबाकी केली म्हणजे ६५,००० उरतात. आकडे घरागणिक बदलतील, रीत बदलणार नाही.

आयकराच्या कायद्यात, भरलेली घरपट्टी वजा जाता उरलेल्या भाड्यावर ३० टक्के वजावट सरसकट मिळते; प्रत्यक्ष खर्च किती झाला हे कोणी विचारीत नाही. वरील घरास ती ३१,८०० होते. दुरुस्तीचा खरा वाटा मात्र ४१,००० आहे. भाडेकरूची अनामत तर या हिशेबात धरूच नये. ती परक्याची ठेव आहे. ती घरच्या कार्यात खर्चून, भाडेकरू निघण्याच्या दिवशी गावाला जाणारे सभ्य गृहस्थ कोणत्या शहरात नाहीत?

दोष नेहमी मालकाचाच असतो असेही नव्हे. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने जुन्या घरांची भाडी १९४० च्या पातळीस बांधून टाकली. चुना, लाकूड, गवंड्याची मजुरी वाढत गेली. भाडे जागचे हलले नाही. दुरुस्त्या थांबल्या, जुन्या चाळी ढासळू लागल्या, आणि अखेर १९६९ मध्ये कायदा करून अशा इमारतींवर उपकर बसवावा लागला व दुरुस्तीसाठी मंडळ नेमावे लागले. महाराष्ट्राच्या १९९९ च्या कायद्याने दरसाल ४ टक्के वाढीची मुभा दिली खरी. पण मूळ भाडेच तुटपुंजे असेल, तर त्याच्या ४ टक्क्यांत खिळेदेखील येत नाहीत.

मडगावच्या त्या घरमालकावर असे बंधन नाही असे धरले, तर त्याने करावयाचे ते थोडके आहे. भाडे अकराच महिने येणार, म्हणून ४५,००० ना अकराने भागून, भाडे आले त्याच दिवशी सुमारे ४,१०० रुपये बँकेतील निराळ्या खात्यात टाकावे. मग वैशाखात सुतारास निरोप धाडता येतो, आणि गळक्या खोलीत भांडी मांडून बसलेल्या भाडेकरूस ‘पाऊस ओसरू द्या’ असे सांगण्याची पाळी येत नाही.