गाडी आली म्हणजे नक्की काय आलं?

आजचा एपिसोड डेन्व्हरमधल्या माझ्या गॅरेजमधून रेकॉर्ड करतोय. मागे ठोकाठोक ऐकू आली तर समजून घ्या, शेजारी काहीतरी दुरुस्त करतायत.

मागच्या एपिसोडनंतर एकाने मेसेज केला, "दादा, अमेरिकेत तर जगातली प्रत्येक बाईक मिळत असेल ना?" पुण्यात होतो तेव्हा मलाही हेच वाटायचं. पण तसं नाहीये! होंडाची ट्रान्सआल्प घ्या. १९८९ मध्ये ती इथे आली, खपली नाही, १९९० नंतर बंद. युरोपात मात्र ती पुढे कित्येक वर्षं चालली. इथे ती परत आली ती थेट २०२४ च्या मॉडेलने, दहा हजार डॉलरला एक डॉलर कमी. जुनी आफ्रिका ट्विन तर होंडाने इथे विकलीच नाही. पहिली अधिकृत आफ्रिका ट्विन आली २०१६ मध्ये.

कंपन्यांचा हिशोब साधा होता. अमेरिकन माणूस हायवेला क्रूझर घेतो आणि मातीत डर्ट बाईक, मग हे अर्धं-अर्धं कोण घेणार? शिवाय प्रत्येक मॉडेलला इथले धुराचे आणि सुरक्षेचे नियम पास करावे लागतात, त्यात कॅलिफोर्नियाचे आणखी कडक. चारच गाड्या खपणार असतील तर तो खर्च कोण करेल? आणि बाहेरून स्वतः आणायची म्हटलं, तर साधारण पंचवीस वर्षं जुनी व्हायची वाट बघा. म्हणजे पोरगा कॉलेजात असताना आवडलेली गाडी तो टक्कल पडल्यावर चालवणार.

स्पोर्ट टूरिंगमध्येही तेच. यामाहाची एफजेआर १३०० युरोपात २००१ ला आली. इथे २००३ च्या मॉडेलपासून मिळाली, तीसुद्धा आधी डिपॉझिट भरलं तर! म्हणजे "तुम्हाला खरंच हवीय ना? मग पैसे ठेवा." मला हे आवडलं, खरं सांगतो. निदान प्रामाणिक होतं.

मग हवा बदलली. २००४ मध्ये 'लाँग वे राउंड' आलं, बीएमडब्ल्यूच्या जीएसवर जगभर फिरणारे दोन नट लोकांनी पाहिले. २०१० पासून बीडीआर नावाचे कच्च्या रस्त्यांचे लांबलचक मार्ग राज्याराज्यांत आखले जाऊ लागले. मागणी दिसली आणि २०२१ मध्ये चक्क हार्ले-डेव्हिडसनने पॅन अमेरिका आणली. तिच्या महागड्या मॉडेलमध्ये अशी सोय मिळते की थांबताना गाडी आपोआप खाली बसते, म्हणजे पाय टेकतात. माझ्यासारख्या साडेपाच फुटी माणसाला याचं मोल विचारा.

आता माझी गोष्ट. मी घेतली ती एका छोट्या युरोपियन कंपनीची. नाव नाही घेत. दिसायला देखणी, रिव्ह्यू एकसे एक. सप्टेंबरात युटामध्ये मोआबजवळ कच्च्या रस्त्यावर ती बंद पडली. फ्युएल पंप गेला. मोबाईलला रेंज नाही, पाणी एक बाटली, आणि ऊन असं की हेल्मेट घातलं तरी त्रास, काढलं तरी त्रास. तीन तास बसलो. शेवटी एक साठीतले गृहस्थ जुन्या केएलआर ६५० वर आले, त्यांनी मला मागे बसवून गावात सोडलं. वाटेत ओरडून विचारत होते, "डीलर कुठेय तुझा?" डीलर डेन्व्हरला, साडेतीनशे मैलांवर. टो ट्रकचं बिल ऐकून मी क्षणभर गाडी तिथेच सोडायचा विचार केला. आणि पार्ट? तो युरोपातून येणार. सात आठवडे लागले. तोवर वरच्या घाटांत बर्फ पडला, सीझन संपला.

त्यांची केएलआर बघून आधी मी मनात हसलो होतो. कावासाकीची ही गाडी १९८७ पासूनची, वीस वर्षं तिच्यात फारसं काही बदललंच नाही. वजनदार, संथ, दिसायला बैलगाडी. पण तिचा पार्ट कुठल्याही आडगावात निघतो, आणि नाही निघाला तर शेजारच्या माणसाच्या शेडमध्ये निघतो. शोरूममध्ये उभी राहते ती गाडी नुसती पाहुणी. पार्ट, मेकॅनिक आणि दहा वर्षांनीही फोन उचलणारा डीलर आला, की ती इथली झाली.

परवा एका पेट्रोल पंपावर केटीएमची ३९० अॅडव्हेंचर दिसली. मालक अमेरिकन, विशीतला. मी म्हटलं, "ही आमच्या चाकणला बनते, पुण्याजवळ." त्याने चाकणचा उच्चार तीनदा करून बघितला. मग मी लगेच विचारलं, "पार्ट किती दिवसांत मिळतो रे?" तो गोंधळला. म्हणाला, "अजून गरजच पडली नाही."

माझी गाडी विकायला काढलीय. पुढची कुठली हे ठरायचंय. यादीत ट्रान्सआल्प आहे, आणि हो, केएलआरसुद्धा. रविवारी दोन डीलरना फोन करून फक्त फ्युएल पंपाचा स्टॉक विचारणार आहे. काय म्हणतात ते पुढच्या एपिसोडमध्ये सांगतो.