चैत्र



मी सातवीपर्यंत शिकलेली बाई. गोष्टीवर बोला असे चिटणीसबाईंनी सांगितले, तेव्हा आधी नाहीच म्हटले होते. गोष्ट कशी लिहिली आहे ते मला सांगता यायचे नाही. तिच्या नावावरून मला जे आठवले, तेवढे सांगते.

जी. ए. कुलकर्णी यांची ही गोष्ट, 'चैत्र'. नाव ऐकून वाटले, पालवी, कोकिळा असे काही असेल. निघाले भलतेच. बेताच्या परिस्थितीतली एक बाई मोठ्या घरी चैत्राच्या हळदीकुंकवाला जाते आणि तिथे तिचा अपमान होतो, पोटच्या मुलासमोर. आपल्या वाचनवर्गात सगळ्याजणी त्या घरच्या यजमानीणबाईवर तुटून पडल्या. मी गप्प होते. यजमानीणबाई मीही होते ना!

आमच्याकडे चैत्रगौर थाटाची असे. थोरल्या जाऊबाई ऐन तिशीत विधवा झालेल्या. चाळीस बायकांची आंब्याची डाळ त्याच वाटायच्या, आणि तीही पाट्यावर. मिक्सरमध्ये तिचा गोळा होतो, असे त्यांचे म्हणणे. ते खरेच आहे, डाळ भरडच हवी. पन्ह्यात वेलदोडा किती, गूळ किती, सगळा अंदाज त्यांचा. बायका येऊ लागल्या की आपण होऊन स्वैपाकघराचे दार लोटून घ्यायच्या. कुणाला सांगावे लागले नाही. मीही कधी 'बाहेर या' म्हटले नाही.

2014 साली बाहेर पन्हे कमी पडले. मी कुंकू लावण्यात गुंतलेली, म्हणून त्या स्वतःच पातेले घेऊन माजघराच्या उंबऱ्यापर्यंत आल्या. एका बाईंनी पुढे केलेला पेला मागे घेतला. बोलल्या काही नाहीत, नुसता मागे घेतला. मी उठले, जाऊबाईंच्या हातातून पातेले ओढून घेतले आणि सगळ्यांदेखत म्हटले, "तुम्ही आत जा."

माझी सात वर्षांची मुलगी झोपाळ्यातल्या गौरीपाशी बसून हे बघत होती.

रात्री जाऊबाईंच्या पानात डाळ वाढली. त्या एवढेच म्हणाल्या, "मीठ जरा कमी झालं का गं?"

त्यानंतर सात वर्षे त्या आमच्यात होत्या. सात चैत्र आले नि गेले. दर वर्षी वाटे, यंदा क्षमा मागू. 2021 च्या मार्गशीर्षात त्या गेल्या. मग मे 2022 मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडची बातमी आली, की विधवांचे कुंकू पुसायचे नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, असा ग्रामसभेने ठराव केला. मुलीने ती मोठ्याने वाचून दाखवली आणि वर्तमानपत्र माझ्यापुढे ठेवून उठून गेली. आठ वर्षांत त्या दुपारबद्दल ती अक्षर बोललेली नव्हती.

यंदा चैत्रात मी माहेरी गेले. वडील गेल्यापासून आई मागच्या खोलीतच बसते. तिच्यापुढे करंडा धरला, तर तिने कपाळ मागे घेतले. म्हणाली, "सुनेच्या माहेरची माणसं यायची आहेत गं आत्ता." माझे बोट तसेच कुंकवाचे राहिले. भिजवलेले हरभरे मात्र तिने घेतले. पदर पसरून घेतले.