दोन पराभवांनी बाद



तुर्भ्याच्या एपीएमसी मार्केटात धान्य, मसाला, कांदा-बटाटा, भाजी आणि फळे असे पाच बाजार भरतात. तिथे पोती वाहणाऱ्या माथाडींत सातारा-पुण्याकडचे लोक पुष्कळ. त्यांची मुले कॉलेजात जातात, ती बहुधा लहानशाच. अशा कॉलेजाने आपल्या नावावर देशाचे अजिंक्यपद मिळवले, असे कधी कानी येते काय? येणार कसे! आपल्याकडे कॉलेजच्या मुलांचे अखिल भारतीय सामने विद्यापीठा-विद्यापीठांत होतात. क्रिकेटचा रोहिंटन बारिया करंडक १९३५ पासून असाच खेळला गेला. एखादा पोरगा विद्यापीठाच्या संघात जातो. त्याचे कॉलेज मात्र मैदानाबाहेरच राहते.

अमेरिकेत लहान कॉलेजांची वेगळी संघटना आहे. तिचे मूळ १९३७ साली कॅन्सस सिटीत झालेल्या बास्केटबॉल सामन्यांत. १९५७ पासून ती बेसबॉलचेही राष्ट्रीय सामने भरवते. बेसबॉल म्हणजे नऊ गड्यांचा, नऊ डावांचा खेळ. फेकलेला चेंडू गोल दांडक्याने टोलवायचा, तीन थांबे गाठून मूळ जागी परतायचे, की झाली एक धाव. विटीदांडू खेळलेल्याला तो शिकायला जड जाणार नाही.

आज हे सामने मे अखेरीस आयडाहो राज्यातल्या लुइस्टन गावी होतात. वस्ती चौतीस हजारांच्या आसपास, म्हणजे आपले तालुक्याचे गाव म्हणा ना. आसपासचा गहू इथे तराफ्यांवर चढतो आणि नदीवाटे साडेसातशे किलोमीटरवरच्या समुद्राकडे जातो. तेव्हा हे गावही दाणेवाल्यांचेच! तिथल्या लुइस-क्लार्क स्टेट कॉलेजाने २०१७ पर्यंत १९ वेळा अजिंक्यपद पटकावले. यजमान म्हणून त्याला थेट प्रवेश मिळत आला. हे काही मला तितकेसे पटत नाही.

पण शिक्षक मित्रहो, तिथला एक नियम घेण्याजोगा आहे. स्पर्धेत दहा संघ असतात आणि एकदा हरलेला संघ बाद होत नाही. तो हरलेल्यांच्या रांगेत जातो, तिथे जिंकत राहिला तर अंतिम सामन्यापर्यंतही पोचतो. समोरचा संघ तोवर अपराजित असेल, तर त्याला दोनदा हरवावे लागते. २०२५ सालच्या श्रीव्हपोर्टच्या संघाला ही सवलत लागलीच नाही. हंगामातले ५९ च्या ५९ सामने त्याने जिंकले. असे संघ विरळाच.

आपल्या तालुका सामन्यांत काय होते? वाडीवरची पोरे भाकरी बांधून पहाटेची एस.टी. धरतात. पहिलीच गाठ गतवर्षीच्या विजेत्यांशी पडते. अर्ध्या-पाऊण तासात सारे संपते, आणि दुपारच्या गाडीने पोरे परत. वर्षभराची मेहनत एका चिठ्ठीवर गेली.

आपण म्हणाल, सामने वाढतील, पंच कुठून आणायचे? खरे आहे. आठ संघांना सातऐवजी चौदा किंवा पंधरा सामने लागतात. परंतु कबड्डीचा सामना बेसबॉलसारखा दोन-तीन तास चालत नाही. दोन मैदाने आखली तर दोन दिवसांत सहज आटपते. बाद झालेल्या संघांच्या शिक्षकांना पंच म्हणून बसवता येते. मुक्कामाला शाळेचे वर्ग आहेतच.

फळ्यावर दोन रकाने आखा. डावीकडे न हरलेले, उजवीकडे एकदा हरलेले. संघ हरला की त्याचे नाव डावीकडून उजवीकडे न्यायचे, आणि उजवीकडचा हरला तरच पुसायचे.