पाठीमागची भिंत



कथेसाठी चित्र काढताना माणूस काढून झाला की निम्मं काम होतं. उरलेलं निम्मं त्याच्या पाठीमागच्या भिंतीवर असतं, आणि आपल्याकडे घाई होते ती तिथेच.

समजा, गोष्टीत वसईतल्या नंदाखालची एक आजी आहे. सामवेदी ख्रिस्ती, म्हणजे कुपारी घरातली. सगळा जन्म वाडीत गेलेला. चित्रकाराच्या हाती ओळ येते ती एवढीच, ‘आजी घरात बसली आहे.’ मग तो तिला लाल लुगडं नेसवतो, भिंतीवर क्रूस टांगतो आणि मोकळा होतो. बाई ख्रिस्ती आहे एवढं त्यातून समजतं. ती कोण, हे समजत नाही.

त्यासाठी तिच्या खोलीत हिंडावं लागतं. येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर या भागात पुष्कळ घरांतून दिसते, पण या घरात ती किती उंचावर आहे? आजीचा हात पोहोचत नसेल आणि तरी तिथली फुलं ताजी असतील, तर ती बदलणारं दुसरं कुणी घरात आहे. रोझरी खिळ्याला आहे की उशाशी? खिळ्याला असेल तर संध्याकाळी सगळं घर एकत्र प्रार्थनेला बसत असेल. उशाशी असेल तर या बाईला रात्री झोप लागत नाही. कपाटावरच्या बॅगेला विमानाची चिठ्ठी तशीच लटकू दिली, की परदेशी गेलेल्या मुलाबद्दल लेखकाने एक शब्दही लिहायला नको.

आणि तिचं काम? वसईची फुलं पहाटेच्या लोकलने दादरच्या बाजारात जातात. दाराशी सोनचाफ्याची टोपली ठेवली तर खिडकीबाहेर अंधारच हवा. ऊन दाखवलं की चित्र खोटं पडलं. गोष्ट सुकेळीच्या दिवसांतली असेल तर पावसाळा सरलेला असतो आणि राजेळी केळी सोलून उन्हात घातलेली असतात. तेव्हा मी आजीच्या पदराला केळीच्या चिकाचे डाग काढीन. चिकाचा डाग कितीही धुतला तरी जात नाही. चेहऱ्यावरच्या सुरकुत्यांनी फार तर वय सांगितलं असतं. डागाने तिची वर्षं कशात गेली ते सांगितलं.

या कलेतलं माझं सर्वांत आवडतं चित्र जर्मन चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूरर याचं आहे. १५१४ सालचं, तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेलं. बायबल लॅटिनमध्ये आणणारे संत जेरोम आपल्या खोलीत लिहीत बसले आहेत. पुढे सिंह पहुडलेला, त्याच्या शेजारी कुत्रं झोपलेलं. खिडकीच्या कट्ट्यावर कवटी, बाकाखाली सपाता, मागच्या भिंतीवर वाळूचं घड्याळ. तिथेच कार्डिनलची मोठी टोपी टांगलेली आहे. अधिकार खुंटीला आणि लेखणी हातात! संताचा स्वभाव त्या टोपीच्या जागेवरून कळतो. ती डोक्यावर असती तर हा माणूस वेगळा झाला असता.

नंदाखालच्या मातीतही असा एक अनुवादक जन्मला. फादर फ्रान्सिस दिब्रिटो, ‘सुबोध बायबल’चे कर्ते आणि २०२० साली उस्मानाबादला भरलेल्या ९३व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. त्यांची खोली काढायची तर पुस्तकं आणि क्रूस कुणालाही सुचतील. पण तेवढ्याने कुठल्याही धर्मगुरूची खोली तयार होईल. हरित वसईच्या चळवळीत वसईची झाडं आणि पाणी वाचवण्यासाठी उभा राहिलेला माणूस दाखवायचा, तर खिडकी मोठी हवी आणि तिच्यातून वाडी आत आली पाहिजे. मी टेबल कोपऱ्यात सरकवीन आणि कागदाचा मोठा भाग त्या खिडकीला देईन.

तपशील किती भरायचा, हे नवे चित्रकार नेहमी विचारतात. माणूस बसतो तिथून त्याचा हात पोहोचेल तेवढ्या जागेत गर्दी करावी आणि बाकीची भिंत मोकळी सोडावी. चष्मा, गोळ्यांची पाकिटं, तांब्या, रेडिओ हे सगळं माणसाभोवतीच गोळा होतं. गोव्यातल्या लोटलीचे मारियो मिरांडा मात्र कागदाचा कोपरान् कोपरा भरत, आणि त्यांना ते शोभे, कारण त्यांच्या चित्राचा नायक बहुधा अख्खा गावच असे.

वसई-विरारमधली जुनी कौलारू घरं भराभर उतरवली जात आहेत. नव्या सदनिकेत जाताना तसबीर बरोबर जाते. पण ती कुठल्या खिडकीसमोर होती, तिच्याखाली कोण बसे, हे मागेच राहतं. फोटो काढून ठेवा, पण फोटो सगळ्याच वस्तू सारख्या दाखवतो. ज्यांना थोडंफार रेखाटता येतं त्यांनी घर उतरवण्याआधी एकेका खोलीत निवांत बसावं. आजीला शेजारी घ्यावं, कुठली वस्तू कुणाची ते विचारावं, आणि ज्या वस्तूबद्दल ती जास्त वेळ बोलेल ती कागदावर मोठी काढावी.